दट्ट्याची पिचकारी की प्रेशरची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी आठवड्यावर आली की दुकानांबाहेर पिचकाऱ्यांच्या माळा लागतात आणि प्रत्येक खोक्यावर 'हाय प्रेशर' छापलेलं असतं. आत काय आहे ते मात्र खोक्यावरून कळत नाही. दोन प्रकारांची रचना वेगळी, त्यांचे आजार वेगळे आणि त्यांना चालणारं पाणीही वेगळं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

दोन्हींत नेमका फरक काय?

ताकद कधी लावायची, एवढाच. दट्ट्याच्या किंवा पंपाच्या पिचकारीत हात ज्या क्षणी दाबतो त्याच क्षणी पाणी बाहेर पडतं. हात थांबला की धार थांबली. प्रेशरच्या पिचकारीत आधी पंप मारून बंद जागेत हवा दाबून ठेवायची असते. चाप फक्त झडप उघडतो आणि दबलेली हवा पाण्याला ढकलते. म्हणजे कष्ट आधी आणि धार नंतर.

पंपाच्या जातीत तीन प्रकार येतात. पहिला सरळ नळी आणि दट्ट्या, बादलीत तोंड बुडवून पाणी ओढायचं आणि मारायचं. दुसरा चापाचा, दर वेळी चाप ओढला की मिलिलिटर-दोन मिलिलिटर पाणी उडतं. काचा पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीत असतो तोच पंप. तिसरा म्हणजे पाठीवर टाकी, तिथून आलेली रबरी नळी आणि हातात दट्ट्याचा पंप. ही टाकीवाली पिचकारी दिसायला भारदस्त असते, पण त्या टाकीत दाब नसतो. ते फक्त पाण्याचं भांडं आहे.

खोक्यावर 'प्रेशर' लिहिलंय, पण खरंच प्रेशरची आहे हे कसं ओळखायचं?

दोन खुणा पुरेत. चाप एकदा ओढून धरून ठेवला आणि धार चालू राहिली तर प्रेशरची. एक पिचक येऊन थांबली तर पंपाची. दुसरी खूण पुढच्या मुठीची: मूठ मागेपुढे करताना, चापाला हात न लावता, तोंडातून पाणी आलं तर ती पंपाची. पाणी न येता मूठ हळूहळू जड होत गेली तर ती हवा साठवते आहे.

कोणाची धार लांब जाते?

धारेचा वेग तोंडामागच्या दाबावर ठरतो, पिचकारीच्या जातीवर नाही. १ बार दाबाला पाणी तोंडातून सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने निघतं. २ बारला सुमारे २० मीटरने. दाब दुप्पट केला म्हणून वेग दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. (१ बार म्हणजे टाकीपासून १० मीटर खाली असलेल्या नळाला मिळतो तेवढा दाब; तीन मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याला ज्या जोराने येतं तेवढा.)

कागदावर १४ मीटर वेगाची धार २० मीटर लांब पडायला हवी. प्रत्यक्षात ती हवेत फुटते, थेंब होतात आणि थेंबांना हवा अडवते. त्यामुळे चांगल्या प्रेशरच्या पिचकारीची उपयोगी धार ८ ते १० मीटर, मोठ्या माणसाने जोर लावून मारलेल्या दट्ट्याची ६ ते ८ मीटर आणि चापाच्या छोट्या पिस्तुलाची ३ ते ५ मीटर, असा साधारण हिशोब धरा. लांब मारायचं असेल तर पिचकारी ३० ते ३५ अंश वर धरा. पंचेचाळीस अंशांचा नियम हवा नसलेल्या जागेचा आहे.

तोंडाच्या भोकाच्या कडेला प्लास्टिकचा बारीक कंगोरा राहिला असेल तर धार निघताच फाटते. टोकदार काडीने किंवा बारीक पॉलिश कागदाने तो काढला की तीच पिचकारी मीटरभर पुढे मारायला लागते. नवी पिचकारी आणली की हे एकदा जरूर बघा.

लहान मुलाला कोणती द्यावी?

इथे खोक्यावरच्या वयापेक्षा नळीची जाडी बघा. दट्ट्यावर लागणारा जोर म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. १ बार दाब निर्माण करायला २० मिमी व्यासाच्या दट्ट्यावर साधारण ३ किलो वजनाएवढा जोर लागतो, ३० मिमीला ७ किलो आणि ४० मिमीला जवळपास १३ किलो. व्यास दुप्पट झाला की जोर चौपट. जाड नळी पाहून मूल हरखतं, पण सहा वर्षांच्या हाताला ४० मिमीचा दट्ट्या ढकलवत नाही. मग ते पिचकारीचं मागचं टोक पोटाला लावून दाबतं, मूठ सटकते आणि लागतं.

तीन ते पाच वर्षांना चापाची. तिचा दट्ट्या १० मिमीच्या आसपास असतो, १ बारला किलोभरही जोर लागत नाही. अट एकच, चापात बोट चिमटेल अशी फट नको. पाच ते आठ वर्षांना २० ते २५ मिमीची दट्ट्याची. आठच्या पुढे ३० मिमीची चालते, आणि प्रेशरचीही तेव्हाच द्यावी. कारण पंप मारायला जोर हवा तसाच चाप कोणावर ओढायचा याचं भानही हवं.

पाठीवरच्या टाकीबद्दल: २ लिटर पाणी म्हणजे २ किलो, वर प्लास्टिकचं वजन. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझं देऊ नका. वीस किलोच्या मुलाची २ लिटरची टाकी पूर्ण भरू नये.

प्रेशरच्या पिचकारीत पाणी किती भरायचं आणि पंप किती मारायचे?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. मुलं टाकी काठोकाठ भरतात, पाचसहा पंपात मूठ दगडासारखी होते, चाप ओढला की दोन सेकंद जोरदार धार येते आणि मग गळायला लागतं. दोष पिचकारीचा नसतो, हवेला जागाच ठेवलेली नसते.

१ लिटरची एकच टाकी आहे आणि पंप तिच्यातच हवा भरतो असं धरू. पंपाच्या एका फेऱ्याला २० मिलि हवा जाते आणि दाब बाहेरच्या हवेपेक्षा २ बारने जास्त करायचा आहे.

९०० मिलि पाणी भरलं तर हवेला १०० मिलि जागा उरते. १० पंपांत २ बार होतात. पण २०० मिलि पाणी बाहेर गेलं की हवा पसरून तिचा जोर संपतो. उरलेल्या ७०० मिलिसाठी पुन्हा पंप मारा.

६७० मिलि, म्हणजे दोन तृतीयांश भरलं तर ३३ पंप लागतात. हवेचा जोर आणि टाकीतलं पाणी जवळजवळ एकाच वेळी संपतं.

अर्धी भरली तर ५० पंप. पाणी संपतं तेव्हाही अर्धा बार दाब शिल्लक असतो, म्हणजे धार शेवटच्या थेंबापर्यंत जिवंत राहते. पण पाणी कमी आणि दंड दुखतात.

म्हणून दोन तृतीयांश. टाकीवर बाहेरून मार्करने रेघ मारून ठेवा, मुलांना ती रेघ लगेच समजते. पंप पूर्ण लांबीचा मारा. अर्धवट फेऱ्यांमध्ये आतली हवा नुसती दबते आणि परत फुगते, झडप उघडतच नाही, आणि हात फुकट दमतात. चाप ओढून धरलेला असताना दुसऱ्या हाताने पंप चालू ठेवला तर धार बरीच लांबवता येते.

मूठ जड झाली की थांबायचं. काही पिचकाऱ्यांत जादा दाब सोडणारी झडप असते. फुस्स आवाज आला किंवा आतल्या आत पाणी परत टाकीत पडायला लागलं तर भरणं पुरे झालं समजा. ज्यात अशी झडप नाही, तिथे हाताचा अंदाज हीच झडप.

काही पिचकाऱ्यांत टाकीखेरीज आणखी एक छोटी बंद डबी असते. ती कशाला?

तो दाबकक्ष. या रचनेत पंप हवा भरत नाही, टाकीतलं पाणी त्या कक्षात ढकलतो. ३०० मिलिच्या कक्षात २०० मिलि पाणी ढकललं की आतली हवा एक तृतीयांश जागेत येते आणि दाब २ बारने वाढतो. २० मिलिच्या पंपाचे फक्त १० फेरे. एक-टाकीच्या पिचकारीला ३३ लागत होते.

फायदे आणखी आहेत. मुख्य टाकी बिनदाबाची राहते, त्यामुळे ती काठोकाठ भरली तरी चालतं आणि खेळता खेळता झाकण उघडून पाणी घालता येतं. तोटा असा की एका भरण्यात धार त्या २०० मिलिपुरतीच. शिवाय झडपा जास्त, म्हणजे बिघडायच्या जागा जास्त. प्रेशरचीच घ्यायची ठरली असेल आणि दोन्ही प्रकार समोर असतील तर कक्षवाली घ्या.

तिसरी जात रबरी फुग्याची. पाणी एका जाड रबराच्या पिशवीत ढकललं जातं आणि पिशवी आकसताना जवळपास सारख्या दाबाने ते बाहेर फेकते. त्यामुळे सुरुवातीची आणि शेवटची धार यात फारसा फरक पडत नाही. सुपर सोकर या अमेरिकी पाण्याच्या बंदुकांच्या मालिकेतली १९९६ ची सीपीएस २००० ही या पद्धतीची गाजलेली बंदूक. रबर जुनं झालं की पिशवी तडकते आणि बदलायला मिळत नाही.

रंगाचं पाणी कोणत्या पिचकारीत घालावं?

दट्ट्याच्या. आमचं मत इथे ठाम आहे: प्रेशरच्या पिचकारीत साधं पाणी घालावं आणि रंग दट्ट्याच्या नळीला द्यावा.

कारण झडपा. सरळ दट्ट्याच्या नळीत झडप नसतेच. पाणी आणि गाळ ज्या भोकातून आत येतो त्याच भोकातून बाहेर जातो. चापाच्या पंपात दोन झडपा असतात, बहुधा बारीक गोळी किंवा रबराची चकती. कक्षवाल्या प्रेशरच्या पिचकारीत त्याहून जास्त. गोळीखाली रंगाचा एक कण अडकला तरी झडप पूर्ण मिटत नाही, पाणी मागे पळतं आणि पिचकारी 'मेली' असं वाटतं.

रंगांमध्येही दोन तऱ्हा. विरघळणारा रंग पाण्यात एकजीव होतो. गुलाल विरघळत नाही. हल्लीचा बराच गुलाल मक्याच्या पिठाचा असतो, तो नुसता तरंगतो आणि पाच मिनिटांत तळाला बसतो. मक्याच्या पिठाचा दाट थर हळू हलवला तर वाहतो, जोराने दाबला तर घट्ट होतो. नेमका दट्ट्या जोराने दाबताना तो तोंडाशी बुचासारखा बसतो. गुलाल हाताने लावायचा, पिचकारीत घालायचा नाही.

पळसाच्या फुलांचा रंग करणार असाल तर फुलं रात्रभर पाण्यात भिजवा किंवा उकळा, गार होऊ द्या, आणि धोतराच्या किंवा मलमलच्या दुहेरी कापडातून दोनदा गाळा. चहाच्या गाळणीने भागत नाही, पाकळ्यांचे तंतू तिच्यातून निसटतात. हळदीचं पाणीही गाळूनच. हळद विरघळत नाही आणि तिचा बारीक चोथा झडपांवर बसतो. बादली भरून झाली की दहा मिनिटं निवू द्या आणि पिचकारीचं तोंड तळाला न टेकवता वरच्या पाण्यात बुडवा. एवढ्या एका सवयीने निम्म्या पिचकाऱ्या वाचतील.

चंदेरी रंग, ऑइलपेंट, वॉर्निश कोणत्याही पिचकारीत आणि कोणाच्याही अंगावर नको.

चाप ओढतोय, पंप मारतोय, पण पाणीच येत नाही. काय बघायचं?

या क्रमाने बघा.

आधी झाकण. पंपाच्या पिचकारीच्या टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पाणी ओढलं जाताना टाकीत पोकळी तयार होते आणि पुढे पाणी येईनासं होतं. झाकण अर्धा फेरा सैल केल्यावर पाणी सुरू झालं तर रोग हाच; सुईने भोक मोकळं करा. प्रेशरच्या एक-टाकीच्या पिचकारीत उलट आहे: झाकण घट्टच हवं, आणि आतली रबरी चकती हरवली असेल तर कितीही पंप मारले तरी व्यर्थ.

मग आतली नळी. टाकीच्या तळापर्यंत जाणारी प्लास्टिकची नळी निसटली किंवा मुरगळली असेल तर पंप हवाच ओढतो. पिचकारी खाली तोंड करून मारताना पाणी थांबतं आणि सरळ धरल्यावर येतं, असं असेल तर नळी ठीक आहे. पाणी तिच्या तोंडापासून दूर गेलं होतं.

मग पंपातली हवा. नवा किंवा कोरडा पडलेला चापाचा पंप पहिल्या पाचदहा ओढींत पाणी देत नाही, हवा बाहेर काढतो. तरीही आलं नाही तर तोंड कोमट पाण्यात बुडवून वीसेक वेळा चाप ओढा. अडकलेली गोळी बहुतेक वेळा सुटते. सुटली नाही तर पिचकारीच्या बाजूला पंपाच्या जागी हलकी टिचकी मारा.

शेवटी तोंड. भोकात बाहेरून सुई खुपसली तर कचरा आत ढकलला जातो. तोंडाचा भाग फिरवून निघत असेल तर काढून उलट बाजूने फुंका.

प्रेशर भरतं, पण मिनिटभरात निघून जातं. का?

कुठून तरी हवा पळते आहे. भांड्याच्या साबणाचं फेसाळ पाणी झाकण, पंपाची जोडणी आणि तोंड इथे लावा, दहा पंप मारा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा. झाकणापाशी आले तर चकतीवर वाळू किंवा रंग असेल, धुऊन बसवा. तोंडाशी आले तर चापाची झडप मिटत नाही. पंपाची मूठ आपोआप बाहेर ढकलली जात असेल तर पंपाच्या टोकाची एकमार्गी झडप गळते. टाकीच्या जोडाच्या रेघेवर बुडबुडे आले तर ती पिचकारी पुन्हा भरू नका.

दट्ट्या खूप घट्ट झालाय. कोणतं तेल सोडू?

आधी तेलाशिवाय बघा: दट्ट्या काढा, नळी आणि रबर साबणाच्या पाण्याने धुवा. बहुतेक वेळा वाळलेला रंगच अडतो.

तरी घट्ट असेल तर सिलिकॉन ग्रीसचा ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा रबरी कडीवर पसरा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. नाहीतर औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन चालतं, पाण्यात धुऊन जातं म्हणून पुन्हा लावावं लागतं एवढंच. रॉकेल, शिवणयंत्राचं तेल, पेट्रोलियम जेली यांनी अनेक प्रकारचं रबर फुगतं. लावल्यावर तासभर दट्ट्या छान पळतो आणि दुसऱ्या दिवशी असा रुततो की निघत नाही.

पितळी पिचकारीला हेच नियम लागू?

नाही. जुन्या पितळी पिचकारीच्या दट्ट्याला चामड्याचा वायसर असतो, वाटीच्या आकाराचा. चामडं कोरडं पडलं की आक्रसतं आणि दट्ट्या ढिला होतो. तेव्हा पाणी पुढे न जाता दट्ट्याच्या मागून अंगावर येतं. इथे तेलच हवं. वायसर कोमट पाण्यात तासभर भिजवा, पुसा, मग खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल बोटाने जिरवा आणि वाटीची कड बोटांनी बाहेर वळवून बसवा. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा शेंगदाण्याचं बरं. वायसर फाटला असेल तर बोअरिंगच्या हातपंपाची किंवा स्टोव्हची दुरुस्ती करणाऱ्याकडे चामड्याचे वायसर मिळू शकतात. नळीचा आतला व्यास मोजून न्या.

पितळ टिकतं ते कायमचं. वजन जास्त, म्हणून लहानांच्या हाती देऊ नये. पडली तर पायाचं बोट फुटतं आणि पिचकारीला पोचा पडतो. पोचा पडलेल्या जागी दट्ट्या अडतो.

घरी पिचकारी करता येते का?

दट्ट्याची येते, आणि कळकाची तर फारच छान होते. ३० ते ४० सेंटिमीटर लांबीचं, आतून २५ मिमी पोकळ असलेलं पेर घ्या. एका टोकाचं गाठीचं पडदं तसंच ठेवा, दुसरं टोक उघडं. पडद्याच्या मधोमध ३ मिमीचं भोक तापवलेल्या खिळ्याने पाडा. नळीपेक्षा १५ सेंटिमीटर लांब, गुळगुळीत काठी घ्या. तिच्या टोकाला सुती चिंधी घट्ट गुंडाळा आणि दोऱ्याने दोन ठिकाणी आवळा. कोरडी चिंधी नळीत सहज सरकेल इतपतच जाड ठेवा, कारण भिजल्यावर ती फुगते आणि नळीला घट्ट बसते. दहा मिनिटं पाण्यात ठेवून मग मारा. मागून पाणी गळलं तर चिंधीचा एक वेढा वाढवा. कळकाची कड काचेसारखी कापते, म्हणून उघडं टोक पॉलिश कागदाने घासायला विसरू नका.

प्रेशरची पिचकारी घरी करू नका. शीतपेयाच्या बाटलीला सायकलचा पंप जोडायचे प्रयोग होतात. बूच किंवा झडप सुटली तर ती तोंडाकडेच येते.

पाणी कोणती कमी वापरते?

१० लिटरच्या एका बादलीचा हिशोब पाहू. ३० मिमी व्यासाची आणि ३० सेंटिमीटर लांबीची दट्ट्याची नळी एका दमात २१० मिलि पाणी घेते, म्हणजे बादलीत ४७ वार. प्रेशरच्या पिचकारीचं भोक २ मिमी असेल तर १ बारला सेकंदाला सुमारे ४० मिलि जातं, म्हणजे चार मिनिटांची अखंड धार. चापाच्या पिस्तुलाला एका ओढीला १ मिलि धरलं तर दहा हजार ओढी.

मार्च म्हणजे मराठवाड्यात आणि इतरही बऱ्याच ठिकाणी टँकरची वाट पाहायचे दिवस. तिथे मुलांना रंग खेळायचाच असेल तर चापाची पिचकारी आणि माणशी एक तांब्या पाणी एवढ्यात तासभर मजा येते. प्रेशरच्या पिचकारीचं भोक मोठं करून 'पॉवर' वाढवू नका: २ चं ३ मिमी केलं की पाणी सव्वादोनपट जातं, टाकी अर्ध्या वेळात संपते, आणि धार लांब जाते असं काही नाही.

डोळ्यांना धोका कोणाचा जास्त?

जवळून दोन्हींचा. मीटरभर अंतरावरून १ बारची धार उघड्या डोळ्यावर बसली तर इजा होऊ शकते. प्रेशरच्या पिचकारीत धोका थोडा अधिक, कारण मारणाऱ्याच्या हाताला जोर जाणवतच नाही. नियम सोपे ठेवा: छातीच्या खाली मारायचं, तीन मीटरच्या आतून मारायचं नाही, दुचाकीवरच्या माणसावर, जनावरांवर, विजेच्या तारांवर आणि मीटरच्या पेटीवर कधीच नाही. भरलेली पिचकारी कोणाच्या हाती देताना आधी रिकाम्या दिशेला चाप ओढून दाब काढायचा.

रंगाचं पाणी डोळ्यात गेलं तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची संथ धार पंधरा मिनिटं सोडा, लेन्स असेल तर काढा. दुखणं, अंधुक दिसणं किंवा लाली राहिली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

भरलेली पिचकारी उन्हात राहिली तर फुटते का?

तापमान ३० वरून ५० अंशांवर गेलं तर आतल्या हवेचा दाब वाढतो तो थोडाच, सात टक्क्यांच्या आत. खरं नुकसान प्लास्टिकचं होतं. गरम प्लास्टिक दाबाखाली हळूहळू ताणलं जातं, जोड उसवतात, रबरी चकत्या चपट्या होतात. त्या दिवशी काही दिसत नाही, पुढच्या वर्षी टाकी गळते. सावलीत ठेवा आणि खेळ थांबला की दाब सोडा.

दुकानात काय तपासून घ्यावं?

भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, त्यामुळे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह हवं. खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक आयएस ९८७३. चिन्ह खोक्यावर किंवा खेळण्यावर शोधा आणि सापडलं नाही तर दुसरी पिचकारी मागा.

मग हाताची परीक्षा, पाण्याशिवाय. दट्ट्याची असेल तर तोंडावर बोट दाबून दट्ट्या ढकला: स्प्रिंगसारखा परत आला तर रबर चांगलं बसलंय, सुळकन आत गेला तर हवा मागून पळते. प्रेशरची असेल तर झाकण लावून पंधरा पंप मारा, मिनिटभर थांबा आणि चाप ओढा. जोरदार फुस्स आलं पाहिजे. टाकीचे जोड उजेडाकडे धरून बघा, मधे पांढुरकी रेघ असेल तर तिथे प्लास्टिक ताणलेलं आहे.

बॅटरीवर चालणारी घ्यावी का?

रंगासाठी नको. तिच्या छोट्या पंपाला गाळ चालत नाही आणि बॅटरीच्या खोबणीत पाणी शिरलं की दुरुस्ती नाही. साध्या पाण्याने खेळायला आणि ज्यांच्या हातात जोर नाही अशा मुलांना मात्र ती फार उपयोगी.

प्रेशरची पिचकारी आली कुठून?

दट्ट्याची आपल्याकडे फार जुनी. हवा साठवणारी जी बंदूक जगभर पसरली, तिच्यामागे लॉनी जॉन्सन हे अमेरिकी अभियंते आहेत, नासाच्या गॅलिलिओ मोहिमेवर काम केलेले. १९८२ मध्ये ते घरी पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाचा, म्हणजे उष्णता एका जागेवरून दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राचा, प्रयोग करत होते. नळाला जोडलेल्या तोंडातून बाथरूममध्ये अशी जोरदार धार सुटली की खेळण्याची कल्पना तिथेच सुचली. पहिले नमुने पीव्हीसी नळी, अ‍ॅक्रिलिक आणि शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचे होते. पेटंट १९८६ मध्ये मिळालं, लारामी कंपनीने १९९० मध्ये 'पॉवर ड्रेंचर' नावाने बंदूक बाजारात आणली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव 'सुपर सोकर' झालं. वेगळा दाबकक्ष हा खेळण्यांचे रचनाकार ब्रूस डी'आंद्रादे यांच्याबरोबरच्या कामातून आला.

खेळून झाल्यावर काय करायचं?

त्याच दिवशी धुवा. दुसऱ्या दिवशी रंग वाळलेला असतो आणि काम तिप्पट होतं. साध्या पाण्याने दोनदा, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घातलेल्या कोमट पाण्याने एकदा, मग पुन्हा साध्याने, आणि प्रत्येक वेळी चाप ओढून पाणी तोंडातून काढा, नुसतं टाकीतून ओतू नका. उकळतं पाणी नको. दाब सोडा, झाकण उघडं ठेवून सावलीत दोन दिवस वाळवा. ठेवताना झाकण सैल, म्हणजे चकती दबून राहत नाही. दट्ट्या नळीच्या मधोमध ठेवा आणि वर्षभरात एकदा पुढेमागे करा.

टाकीला तडा गेलाय. चिकटवली तर चालेल?

पंपाच्या पिचकारीची चालेल. तिच्या टाकीत दाब नसतो. तडा कोरडा करून, कड पॉलिश कागदाने खरवडून बाहेरून इपॉक्सी लावा आणि चोवीस तास थांबा. दट्ट्याच्या नळीला तडा गेला असेल तर नको, कारण दाब नळीतच तयार होतो आणि आत आलेला इपॉक्सीचा कंगोरा रबर कापतो.

प्रेशरच्या पिचकारीची टाकी किंवा कक्ष कधीही चिकटवू नका. २ बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २ किलो. १० गुणिले १० सेंटिमीटरच्या भिंतीवर २०० किलोंचा भार. तो चिकटवलेला जोड मुलाच्या छातीशी धरलेला असतो. तिचा पंप, चकत्या आणि तोंड काढून दुसऱ्या पिचकारीसाठी ठेवा, टाकी टाकून द्या.